खिळ्याला अडकवलेला चार्जर

मुलीला लॅपटॉप हवा होता आणि तो सोमवारच्या आत हवा होता. बाहेरगावच्या एका कापड कंपनीने तिला चाचणीचं काम दिलं होतं. टॉवेल आणि चादरींची नवी डिझाइनं करून पाठवायची, त्यांना आवडली तर नोकरी. शिकत होती तोवर कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तिचं भागलं. आता कॉलेज संपलं होतं. नवा कोरा लॅपटॉप आमच्या आवाक्यातला नाही, हे तिने मला न विचारताच ठरवून टाकलं होतं, आणि त्याबद्दल मी तिचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत.

निवड दोनांत होती. एक सात रस्ता चौकाजवळच्या दुकानात, रिफर्बिश्ड. म्हणजे कुठल्या तरी कंपनीने वापरून परत केलेला, मग दुकानदाराने साफसूफ करून, लागेल ते बदलून पुन्हा विकायला मांडलेला. तो तसा अलीकडचा होता. दुसरा जुळे सोलापुरातल्या एका घरात होता. एकाच माणसाने वापरलेला, पण जुना.

मी इथल्या एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. पण वस्तू घेण्याची माझी रीत सोलापूरची नाही, सांगोल्याकडची आहे. माझे वडील शेळ्या-मेंढ्या राखायचे आणि वाडीवरचं कुणीही जनावर घ्यायला बाजाराला निघालं की त्यांना सोबत न्यायचं. विकणारा जे सांगेल त्याच्या उलट समजायचं, हा त्यांचा पहिला धडा. शिंगं चकचकीत दिसली की ती तासलेली आहेत. कास भरगच्च दिसली की सकाळची धार न काढता जनावर तसंच तुंबवून आणलंय. आणि दलालाकडून घ्यायचंच नाही, कारण त्याला जनावराचं मागचं घर ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असतं आणि तो सांगत नाही.

हे सगळं मी इतकं पाठ केलं आहे की फ्रिज घ्यायला गेलो तेव्हाही दुकानदाराला विचारलं होतं, "हा आधी कुणी परत केलाय का?" माझी बायको ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगते.

शनिवारी दुपारी मुलीला घेऊन दुकानात गेलो. दुकान पहिल्या मजल्यावर होतं. एकावर एक लॅपटॉप रचून ठेवलेले, स्पिरिटचा वास. वासानेच मी सावध झालो. एवढं पुसावं का लागतं?

दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. "काका, ए ग्रेड माल आहे. एक ओरखडा दाखवा, तसाच घेऊन जा."

"आधी कुणाचा होता?"

"कंपनीचा."

"कुठल्या?"

"ते नाही सांगता येत काका. लॉटमध्ये येतात. पन्नास आले, त्यातला हा."

लॉटमध्ये! मागचं घर ठाऊक नाही. मी लॅपटॉप उलटा केला. खालचे स्क्रू नवे दिसत होते. बटणांवरची अक्षरं फारच काळीभोर होती. मी मुलीकडे बघून भुवई उडवली. तिने न बघितल्यासारखं केलं. ती त्यावर काहीतरी उघडून, मोठं करून, लहान करून पाहत होती. मग तिने तो मिटला, एका हाताने उचलला आणि आपल्या पाठीवरच्या सॅकमध्ये घालून पाहिला. सॅक खांद्याला लावून दुकानातल्या दुकानात दोन पावलं चाललीसुद्धा.

"हलका आहे," ती म्हणाली. "हाच घेऊया पप्पा."

स्क्रूंपेक्षा, वासापेक्षा, मला जास्त कशाचा संशय आला असेल तर तो त्या दोन पावलांचा. वजन कोण बघतं? ज्याला ओझं घेऊन चालायचं असतं तो. काम घरबसल्या करायचं आहे असं तिने आम्हाला सांगितलं होतं. घरबसल्या काम करणाऱ्याला वजनाशी काय करायचंय? पण हे मी बोललो नाही. बोललो ते बॅटरीबद्दल.

"आत्ता भरलेली दिसते," मी म्हणालो. "तुम्ही सकाळपासून लावून ठेवली असणार. मी इथं बसतो. वायर काढा आणि चालू ठेवा. किती वेळ तग धरते ते बघतो."

वडील जनावर घेताना एका धारेवर विश्वास ठेवत नसत. विकणाऱ्याच्या दारात मुक्काम करायचे, संध्याकाळची धार, सकाळची धार, पुन्हा संध्याकाळची, आणि मग बोलायचे. तेवढं मला दुकानात जमणार नव्हतं. दुकानदार नाही म्हणेल आणि आपण उठून जाऊ, असा माझा अंदाज होता.

"बसा की काका," तो म्हणाला. "चहा सांगू?"

तो हो म्हणाला म्हणून माझा संशय वाढला. आतल्या खोलीत दुरुस्ती करणाऱ्या भावाला तो तेलुगूत काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. मी इतकी वर्षं तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या शेजारात राहतो, पण मला तेलुगू येत नाही. ते माझ्यावरच हसले अशी माझी खात्री झाली. आज विचार केला तर वाटतं, हसले असतील तर बरोबरच हसले. दुपारभर एक माणूस स्टुलावर बसून चालू लॅपटॉपकडे टक लावून बघतो आहे, त्याची मुलगी मान खाली घालून मोबाइल चाळते आहे, आणि आल्या गिऱ्हाइकाला दुकानदार सांगतो आहे, "ते काका टेस्टिंग करतायत."

बॅटरी टिकली. चांगली टिकली. मला त्यात एकही खोट सापडली नाही, आणि खोट सापडली नाही हेच मी तिला जिन्यातून उतरताना खोट म्हणून सांगितलं. "एवढं चांगलं असतं तर कंपनीने परत कशाला केलं असतं?"

रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "पप्पा, मला काम सुरू करायचंय. कुठलाही आणा. फक्त सोमवारच्या आत आणा."

दुसऱ्या दिवशी जुळे सोलापुरात मी एकटाच गेलो.

दार उघडणारे गृहस्थ माझ्यापेक्षा बरेच मोठे, एका दूध संघातून निवृत्त झालेले. मी आत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कुन्या गावचं म्हनायचं?"

"सांगोल्याकडचा."

"व्हय? मग घरचंच की! बसा, बसा. त्या खुर्चीत नगा, ती डुगडुगती."

खुर्चीतली खोट विचारायच्या आधी सांगणारा माणूस! माझ्यातला निम्मा संशय तिथेच गळाला. लॅपटॉप त्यांच्या मुलाचा होता. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, कंपनीने त्याला नवा दिला, हा इथेच राहिला.

"का विकताय?" मी विचारलं. हा प्रश्न वडील कधी चुकवत नसत.

"हितं करतंय काय त्ये? धूळ खातंय. नातू आला की त्याच्यावर मोटार पळिवतो." मग त्यांनी एकेक बोट दुमडत अवगुण सांगायला सुरुवात केली. "ह्ये बटान कडक हाय. झाकान उघडताना कुरकुरतंय. ब्याटरी जाती दोनेक तास, त्याच्या वर न्हाय. आन् जड हाय बगा लई. माझ्यानं न्हाय उचलत."

जड आहे. मी उचलून पाहिला. खरंच जड होता. मला तो त्याच क्षणी आवडला.

इथून पुढचं मी आधी घरी सांगितलं तसं लिहितो.

घरी मी सांगितलं, की निघताना त्यांनी चार्जर दिला नाही. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. ज्या दोराने ते बांधलेलं असतं तो दोर विकणाऱ्याच्या घरीच राहतो, नाहीतर त्याच्यासोबत गोठ्यातली लक्ष्मी जाते. घेणाऱ्याने आपलं दावं आपण न्यायचं. म्हातारा जुन्या वळणाचा, त्याने चार्जर हेच दावं समजून ठेवून घेतलं. मी कशाला कुणाची रीत मोडू?

बायको कणीक मळता मळता थांबली. "अहो, चार्जर ठेवून घेतला? आणि तुम्ही दिलात?"

"रीत आहे ती."

"रीत शेळीची आहे," मुलगी म्हणाली. "शेळीला चार्ज करावं लागत नाही."

तिघंही हसलो. मी सर्वांत जास्त हसलो. येताना नवी पेठेतून एक नवा चार्जर घेतला होता. तो देणारा म्हणाला होता, याला हा चालतो. आणि चाललाही. पण थोड्याच वेळात पडद्यावर सूचना आली, की वायर लावलेली आहे पण बॅटरी भरत नाही. काही यंत्रांना म्हणे आपला मूळ चार्जरच लागतो. दुसऱ्यावर ती चालतात, पण साठवून काही ठेवत नाहीत. होती नव्हती ती बॅटरी संपली, आणि मग लॅपटॉप वायर लावली तरच चालू राहायचा. वायर निघाली की बंद.

आमच्या आतल्या खोलीत पलंगाजवळ प्लग नाही. जो आहे तो पुढच्या खोलीत, टीव्हीखाली, माझ्या खुर्चीच्या समोर. तिने तिथे पाट मांडला, पाटावर लॅपटॉप ठेवला आणि भिंतीला टेकून कामाला बसली. मी शाळेतून यायचो तेव्हा ती तिथे असायची. जेवायच्या वेळी तिथेच. फोन आला की उठून आत जायची, पण स्क्रीन उघडा राहायचा, आणि टॉवेलवरची निळी-केशरी नक्षी माझ्याकडे बघत राहायची. मला बरं वाटायचं. लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटायचं. इतक्या वर्षांत ती सलग इतके दिवस माझ्यासमोर बसली नव्हती.

आणि मी काय करत होतो? टीव्हीचा आवाज बारीक करून तिच्या फोनवरच्या बोलण्यातले शब्द वेचत होतो. "हो सर." "चालेल सर." एकदा, "राहायची सोय बघते." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, हेच मला नको होतं. संशयात राहणं मला सोयीचं पडत होतं.

काम पाठवायचा दिवस जवळ आला आणि एका दुपारी लाइट गेली. सोलापुरात उन्हाळ्यात लाइट जाणं ही काही बातमी नाही. पंखा थांबतो, माणसं ओट्यावर येतात. पण त्या दिवशी पंख्यासोबत लॅपटॉपही बंद पडला, आणि सकाळपासून केलेली चादरीची नक्षी तिने साठवून ठेवली नव्हती. लाइट परत आल्यावर तिने उघडून पाहिलं. सकाळचं काहीच नव्हतं.

ती ओरडली असती तर सोपं झालं असतं. तिने लॅपटॉप मिटला आणि मला शांतपणे विचारलं, "पप्पा, चार्जर खरंच त्यांनी ठेवून घेतला?"

"म्हणजे? मी खोटं बोलतो?"

"मी इथंच बसावं असं तुम्हाला वाटत होतं ना?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांकडे ज्या नजरेने बघत आलो, ती नजर माझ्याच मुलीच्या डोळ्यांत होती. फरक एवढाच, की तिच्या संशयाला आधार होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. "असं कसं बोलतेस तू!" असं काहीतरी मी मोठ्याने म्हणालो, चपला घातल्या आणि निघालो.

जुळे सोलापूरपर्यंत स्कूटरवर मी त्या म्हाताऱ्यावर राग गोळा करत गेलो. हे विचित्र वाटेल, पण मी घरात, शाळेत, शेजारी, जो भेटेल त्याला दाव्याची गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की मला तीच खरी वाटायला लागली होती. त्याला ठाऊक असणार, दुसऱ्या चार्जरने बॅटरी भरत नाही. म्हणून तर एवढे अवगुण मोकळेपणाने सांगितले. लहान खोट सांगून मोठी लपवायची, हा बाजारातला जुना डाव आहे. गावाकडचं बोलून मला गुंडाळलं.

त्यांनी दार उघडलं. मी नमस्कारही न करता म्हणालो, "काका, चार्जर द्या. ठेवून घ्यायला नको होता तुम्ही."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"मी ठिवला? आवं पाव्हनं, मी तर पिशवीत घालत हुतो. तुमीच हातातनं घेतला की माज्या! तुमीच अडकिवला तितं."

त्यांनी दारामागे बोट केलं. तिथे खिळ्यावर जुनी दावी होती. गाव सोडताना विकलेल्या जनावरांची, त्यांनी शहरात आणलेली. एक गाईचं, एक-दोन शेळ्यांची, एकाला घुंगरू. आणि त्यांच्यावर, व्यवस्थित वेटोळं करून, काळा चार्जर.

ते वेटोळं माझं होतं. मी वायर तशीच गुंडाळतो, शेवटचं टोक आत खोचून.

आणि मग सगळं आठवलं. आठवलं कसं म्हणू? विसरलोच नव्हतो. त्या रविवारी ती दावी बघून मी इतक्या वर्षांनी गावाकडच्या बोलीत म्हणालो होतो, "ह्येचं दावं तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या की काका. रीत मोडू नगा." ते म्हणाले होते, "आवं ह्येला कसलं आलंय दावं? न्या की." मी ऐकलं नाही. त्या वेळी मला वाटलं होतं, मी वडिलांची रीत पाळतो आहे. पण खिळ्याकडे हात नेताना माझ्या मनात दुसरंही काही होतं, हे मी आज नाकारणार नाही. दोन तास चालणारी बॅटरी. जड लॅपटॉप. आणि आता चार्जरही नाही.

"इकत घेतलं तुमी," ते म्हणत होते, "दावं माज्या दारात बांदलं तुमी, आन् वर भांडाया बी तुमीच आला. असलं गिऱ्हाईक मी उभ्या बाजारात बगितलं न्हाय!"

त्यांनी चार्जर खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. चहा घेऊन जा म्हणाले. मी थांबलो नाही. माफी मागायचीही राहिली. ती अजून राहिलेलीच आहे.

घरी आलो तेव्हा ती पुन्हा पाटावर बसून सकाळची चादर पहिल्यापासून करत होती. मी खाली बसलो, नवा चार्जर काढला, जुना लावला. कडेला बारीक दिवा लागला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसला, मग एकाने वाढला. आम्ही दोघंही तो आकडा बघत होतो.

"त्यांनी ठेवला नव्हता," मी म्हणालो. "मीच ठेवायला सांगितलं होतं."

"माहितीये."

"कसं?"

"त्या दिवशी तुम्ही हसत घरी आलात." ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "पप्पा, किराणावाला सुट्ट्यांच्या जागी चॉकलेट देतो तर तुम्ही झोपेपर्यंत त्याला बोलता. कुणी तुमचा चार्जर ठेवून घेतो आणि तुम्ही हसत येता?"

"मग त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"म्हटलं, थोडे दिवस इथं बसावं. नाहीतरी..."

पुढचं तिने पूर्ण केलं नाही. माझ्या ते लक्षात आलं, आणि या वेळी संशय म्हणून नाही.

"दुकानातलाच घ्यायला हवा होता," मी म्हणालो. "त्यात काही खोट नव्हती."

"नव्हती," ती म्हणाली. "पगार झाला की तोच घेते. तोवर दुकानात असला तर."

संध्याकाळी उकडत होतं. बॅटरी भरल्यावर तिने वायर काढली, तो जड लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि गच्चीवर गेली. समोरचा पाट रिकामा झाला. प्लगमध्ये चार्जर तसाच होता, दिवा चालू. थोड्या वेळाने वरून तिचा फोनवरचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. मी उठलो, जिना चढायला लागलो. सवय अशी एका दिवसात जात नाही. अर्ध्या जिन्यावर शब्द कळू लागले. ती म्हणत होती, "डिझाइनं आज रात्री पाठवते सर. आणि हो, निवड झाली तर येईन. तिथं राहून करीन."

मी तिथूनच परत फिरलो. खाली येऊन चार्जर प्लगमधून काढला आणि वायर गुंडाळली, शेवटचं टोक आत खोचून. तिची सॅक दारामागे टांगलेली होती. तिच्या पुढच्या कप्प्यात तो ठेवला, वरच, हात घातला की लगेच लागेल असा, आणि चेन लावली.